अंडी फेकणार न्हाई म्हणजे न्हाई!

मंडळी, आज सकाळी माझ्याच अंगणात माझ्याविरुद्ध सभा भरली.

आमची रनर जातीची बदकं बाटलीसारखी ताठ उभी राहून दिवसभर पळतात, पण अंड्यांवर काही बसत नाहीत. म्हणून त्यांची अंडी मी खुडूक कोंबडीखाली टोपलीत ठेवली होती. कोंबडीची एकवीस दिवसांची मुदत उलटून गेली, तरी पिल्लू नाही. शेजारचे दगडूमामा टोपलीच उचलायला आले.

"सडली ती! काहून कोंबडीला तकलीफ देऊन राहिला?"

बायकोही म्हणाली, "अहो, फेका आता. वास सुटंल."

"हात लावू नका मामा! बदकाला कोंबडीपेक्षा आठवडा जास्त लागतो."

"व्हय, तुझी पिल्लं आतच शाळा शिकून येणार!"

वारंगा फाट्यावर नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखत मी गॅरेज उभं केलंय. एक अंडं कानाला लावलं. आत टकटक! तेच मामांच्या कानाला लावलं. मामा टोपलीपाशीच खाली बसले.

आता संध्याकाळ झाली. एका अंड्याला बारीक चीर गेलीय. मामा टोपलीपाशी बसून आम्हालाच दटावतात, "हळू बोला रे!"

कोंबडीच्या मुदतीनं बदकाची अंडी फेकणारे तुमच्याही घरी येतात का? तुम्ही टोपली देता, की धरून ठेवता?