कडा जळालेली पानं

बाईंनी बारा वर्षांत एकवीस खून केले. सगळे बागेतले. एक गुलाबाच्या वाफ्यात, एक काचगृहात, एक खताच्या ढिगाखाली. वाचनालयांतून त्यांच्या कादंबऱ्या फिरून फिरून मऊ पडत. त्यांतली माळीणमावशी पोलिसांच्या आधी गुन्हेगार पकडायची, तेही नुसत्या मातीवरून, पानावरून, अवेळी आलेल्या कळीवरून. शेवटच्या प्रकरणात सगळे बागेत बसून चहा प्यायचे. रक्त कुठे सांडलेलं दिसायचं नाही. वाचकांना तेच हवं असायचं.

पहिला वाचक घरातच होता. नवरा. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, सगळी इमारत त्यांना प्रूफवालेच म्हणे. तिसाव्या पानापर्यंत ते खुनी ओळखत आणि समासात पेन्सिलीने बारीक लिहीत, ‘हाच.’ बाई चिडत. दोन दिवस अबोला धरत आणि मग चार प्रकरणं नव्याने लिहीत.

दोन वर्षांपूर्वी प्रूफवाल्यांची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एक तपकिरी पावडर दिली. रक्तातलं पोटॅशियम वाढू द्यायचं नाही, वाढलं तर हृदय थांबेल, एवढं बाईंना दोनदा बजावलं. पावडर त्यासाठीच. अर्ध्या ग्लास पाण्यात एक चमचा, दिवसातून तीनदा. बाई स्वतः कालवत, गॅलरीतल्या खुर्चीपाशी नेऊन देत आणि लिहिण्याच्या टेबलाकडे परतत. ग्लास रिकामा परत येई. एवढं एक औषध तरी बिनबोभाट चाललंय म्हणून त्यांना बरं वाटे.

गॅलरीत चौदा कुंड्या होत्या. मार्चमध्ये नेचा गेला. मग जिरेनियम, मग दोन्ही जास्वंदी. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी, मातीवर पांढरट पापुद्रा. बाईंनी पाहताक्षणी ओळखलं. क्षार. कुणीतरी खारट पाणी घालतंय.

त्यांनी वही काढली. कुठली कुंडी कधी गेली त्याच्या तारखा मांडल्या, गॅलरीचा नकाशा काढला. मरण डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे सरकत होतं. डाव्या कोपऱ्यात वरच्या मजल्याची सांडपाण्याची नळी उघडत होती, आणि वर टायपिंगचे मास्तर राहत होते. एकटे, निवृत्त, फरशी घासण्याची दांडगी हौस. झालं, चोर सापडला. नकाशात बाईंनी नळी काढली, कठडा काढला, खिडकीसुद्धा काढली. खुर्चीही त्याच कोपऱ्यात होती. ती काढली नाही. ती काय, नेहमीचीच.

जिन्यात गाठून विचारलं तर मास्तर म्हणाले, वहिनी, मी नुसत्या पाण्याने धुतो हो. बाईंना पटलं नाही. पहिल्या भेटीत कबूल होईल तो गुन्हेगार कसला? त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. प्रूफवाले म्हणाले, सोड ना, तो मुंगीलाही वाट देणारा माणूस. बाई म्हणाल्या, तसलेच असतात. आणि बाविसावी कादंबरी सुरू केली. टायपिंगचा मास्तर, शेजारच्या बागेला खारट पाणी घालतो आणि हळूहळू माणसांकडे वळतो. इतकं भराभर त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. लिहिताना गुणगुणत होत्या.

त्या दिवसांत प्रूफवाल्यांच्या पायांना सूज होती. चार पायऱ्यांत दम लागायचा. रक्त तपासायची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. बाईंची प्रकरणं रंगात आली होती. त्यांनीही ताणून धरलं नाही.

कादंबरीची प्रुफं आली. नवऱ्याने ती वाचली, पण समासात काहीच लिहिलं नाही. बाईंनी विचारलं, ओळखलात? ते म्हणाले, नाही बुवा, या खेपेला जिंकलीस. बाई दिवसभर तरंगत होत्या.

तरी पुरावा हवाच, म्हणून त्यांनी नळीच्या तोंडाशी एक थाळा ठेवला. चार दिवस थाळा कोरडा राहिला. आणि त्याच चार दिवसांत नव्या गुलाबाच्या कडा करपल्या. बाई गोंधळल्या. पाचव्या दिवशी दुपारी त्या नवऱ्याचा ग्लास विसळत होत्या. तळाशी तपकिरी कण चिकटले होते, बारीक वाळूसारखे. त्यांनी नळ बंद केला. गॅलरीत गेल्या, गुलाबाच्या कुंडीत बोट घातलं. तेच कण. मातीत मुरलेले, थरावर थर. पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरांत सोडियम लिहिलेलं त्यांना आता आठवलं.

प्रूफवाले खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“नेच्यापासून.”

“म्हणजे मार्चपासून.”

“असेल. घशाखाली उतरत नाही गं. वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. वाटलं, झाडाला काय, पाणीच तर आहे.”

“झाडं मरताना दिसत नव्हती तुम्हाला?”

“दिसत होती.”

“मग सांगायचं होतं मला.”

“तू मास्तरांच्या मागे लागली होतीस. इतकं खुशीत मी तुला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हटलं, चालू दे.”

बाई तिथेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. माळीणमावशीला अशा वेळी काहीतरी बोलायचं असे. बाईंनी बोटाची माती पदराला पुसली.

संध्याकाळी नवऱ्याला उभं राहता येईना. गाडी इमारतीत एकट्या मास्तरांकडे. ते बनियनवरच धावत आले. प्रूफवाल्यांना एका बाजूने त्यांनी धरलं, दुसरीकडून बाईंनी. वाटेत मास्तर आरशातून बाईंकडे बघत म्हणाले, “वहिनी, माझं काही चुकलं होतं का?” बाईंनी मान हलवली. नाही म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटॅशियमचा आकडा सांगितला. हृदयाची पट्टी दाखवली. इंजेक्शनांनी ती वेळ निभावली. डायलिसिस लावायचं म्हणाले, तर प्रूफवाल्यांनी हात जोडले. सुईने यंत्राला बांधून घ्यायचं नाही, घरी जायचं. डॉक्टरांनी खूप समजावलं. शेवटी बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, निदान पावडर चुकवू नका, तिच्यावर जेवढे दिवस निघतील तेवढे.

घरी आल्यावर बाई समोर बसून पाजू लागल्या. नाक दाबून, मुलाला पाजावं तसं. ते घोट घ्यायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि अर्ध्या वेळा सगळं बाहेर पडायचं. पाच दिवस असं चाललं. प्रकाशकाने प्रुफांसाठी निरोप धाडला. बाईंनी ती गठ्ठा बांधून तशीच पाठवून दिली. मास्तर आत खुनीच राहिला. प्रकरणं नव्याने लिहायची ताकद कुणात होती?

सहाव्या दिवशी ग्लास पुढे केला तेव्हा नवऱ्याने तोंड फिरवलं नाही. चिडलेही नाहीत. नुसते बाईंकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने बाईंकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

बाई उठल्या. ग्लास मोरीत ओतला. पाणी सोडून कण वाहून जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

शनिवारी दवाखान्यातून फोन आला. पावडर नियमित चालू आहे ना, असं पलीकडची मुलगी विचारत होती.

“हो,” बाई म्हणाल्या. “तीनदा घेतात.”

फोन ठेवून त्या नवऱ्याच्या पायांशी बसल्या. सूज आता गुडघ्यांपर्यंत चढली होती. त्यांनी चादर सारखी केली आणि नवऱ्याच्या पावलांवर हात ठेवला. पावलं गार होती.