खांबाबरोबरचा नाच

मँचेस्टरला आमच्या लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी नाच असतो. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, असं दारावरच्या कागदावर लिहिलंय. मी त्रेपन्न वर्षांची, म्हणजे नियमात बसते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी एडिंबरोला शिकत होती. मी घरूनच नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस, आणि त्या कामात माणसं बोलण्यापेक्षा टाइपच जास्त करतात. गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी गुडघा राहू दिला आणि विचारलं, शेवटचं कुणाशी समोरासमोर बोललात? मी खरंच आठवायला लागले. ट्रामच्या स्टॉपवर एका बाईने वेळ विचारली होती, त्यालाही तीन दिवस झाले होते. डॉक्टरांनी मला या नाचाचा कागद हातात दिला.

नाचाशी माझा संबंध लग्नाच्या वरातीपुरता. तोही कुणीतरी हात धरून ओढलं म्हणून, आणि ओढायच्या आधी मी दोनदा मागे सरले म्हणून.

शिकवणारी बाई सत्तरी ओलांडलेली. आईवडील जमैकाहून आलेले, हिने आयुष्यभर इथे बस चालवली. पहिल्याच दिवशी तिने एक जुनं फंक गाणं लावलं. बास गिटारचा ठेका असा, की भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांचेही पाय हलायला लागले. ती म्हणाली, माझ्या तरुणपणी क्लबात एका नाचाचं खूळ आलं होतं. दोघांनी शेजारी उभं राहायचं आणि ठेक्यावर एकमेकांच्या कमरेला कमरेने धक्का द्यायचा. ऑफिसातले, कारखान्यातले, सगळे हेच करत सुटले. मग एका बँडने त्या नाचावरच गाणं केलं आणि ते रेडिओवर इतकं वाजलं, की ज्यांना नाच येत नव्हता तेही धक्के मारायला लागले. सोपा नाच आहे, ती म्हणाली, फक्त जोडीदार हवा.

आम्ही पंधराजण होतो. मी मनात जोड्या लावून बघितल्या, एक जण उरत होतं.

एक उंच, रिटायर्ड पोस्टमन माझ्याकडे आले. स्वेटरची बटणं नीट लावलेली, भांग चोपून पाडलेला. 'माझ्याबरोबर नाचाल का?' त्यांनी विचारलं. मी म्हणाले, 'नाही नाही, तुम्ही नाचा. माझं काही नाही.' ते मान झुकवून 'जरूर' म्हणाले आणि दुसऱ्या बाईकडे गेले. मी एक पाऊल पुढे टाकलेलं होतं, ते मागे घेतलं.

आता यात त्या बिचाऱ्या माणसाचं काय चुकलं? आमच्याकडे पंगतीत जिलबी वाढायला आली, की ताटावर आडवा हात धरतात, पण बोटांत फट ठेवून. वाढणाऱ्याला ती फट दिसते. तो आग्रह करतो, आपण नको म्हणतो, तो अजून आग्रह करतो, आणि मग आपण नाइलाज झाल्यासारखी जिलबी खातो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी मुलगी हावरट, हे मला फ्रॉक घालायच्या वयात शिकवलं गेलं होतं. इथे माणसं आडवा हात बघतात आणि पुढे जातात. याला ते समोरच्याचा मान राखणं म्हणतात.

हॉलच्या मधोमध एक खांब आहे. उरलेल्याने खांब घ्यायचा, असा तिथला रिवाज. 'खांब पायावर पाय देत नाही,' बाई हसून म्हणाली. मीही हसले आणि खांबाला कमरेने धक्का दिला. खांब गार होता.

पुढचे दोन मंगळवार हेच. दर वेळी कुणीतरी विचारायचं, दर वेळी माझ्या तोंडून 'नाही नाही' निघायचं, आणि विचारणारं माणूस हसून पुढे जायचं. चौथ्या वेळी तर कुणी विचारलंच नाही. सगळे जोड्या करून उभे राहिले, आणि एका आजींनी माझी पिशवी उचलून खांबाजवळच्या खुर्चीवर ठेवली, मला सोयीचं पडावं म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. कारण काय, तर एका म्हाताऱ्या पोस्टमनने दुसऱ्यांदा विचारलं नाही. स्वतःचाच राग आला आणि त्याच रागात मी सगळं घर झाडून काढलं.

नवरा तीनदा विचारायचा. चहा घेतेस? नको. थोडासा? नको रे. अर्धा कप? बरं, आण. लग्नाच्या पंचवीस वर्षांत त्याने माझ्या पहिल्या नकोवर एकदाही विश्वास ठेवला नाही. मी त्यावरून भांडलेही आहे त्याच्याशी, माझं ऐकतच नाहीस म्हणून. तो गेला आणि माझं प्रत्येक नको खरं ठरायला लागलं.

पाचव्या मंगळवारी गाणं सुरू व्हायच्या आधी शिकवणारी बाई माझ्याजवळ आली. 'तुला एकटीनेच नाचायला आवडतं ना?' तिने विचारलं. 'मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, हिला त्रास देऊ नका.'

 'नाही आवडत,' मी म्हणाले.

'मग नाही का म्हणतेस?'

जिलबीची गोष्ट इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, 'इथे असं तीनदा कुणी विचारणार नाही गं. तूच जा आणि विचार.'

मी पोस्टमनसमोर जाऊन उभी राहिले.  पन्नाशी उलटलेल्या बाईने परक्या पुरुषाला नाचायला विचारायचं, आई असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. मी विचारलं. ते लगेच हो म्हणाले. एकदाही आढेवेढे घेतले नाहीत.

ठेका सुरू झाला आणि त्यांच्या कमरेचा धक्का माझ्या कमरेला बसला. गेल्या दोन वर्षांत मला कुणी इतक्या बिनधास्तपणे हात लावला नव्हता, धक्का तर दूरच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घाबरून विचारलं, 'लागलं का?' मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

परत निघाले तेव्हा ट्रामला नऊ मिनिटं होती. मी बाकावर बसले आणि मला मुलीची आठवण आली. गेल्या दिवाळीआधी तिने फोनवर विचारलं होतं, 'आई, मी येऊ का?' मी म्हणाले, 'नको गं, एवढ्या लांबून कशाला, तुझा अभ्यास आहे.' ती 'ओके' म्हणाली. मी एकटीने चार पणत्या लावल्या आणि पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं, की इथे वाढलेल्या मुलांना माया नसते. या वर्षीही तसंच. परवाच्या रविवारी तिने विचारलं, मी नको म्हणाले, ती ओके म्हणाली. पोरगी इथे जन्मली, इथल्या शाळेत शिकली. नाही म्हणजे नाही, हे तिला तिथे शिकवलं आणि तिने ते माझ्या बाबतीत नीट पाळलं. मी मात्र वर्षभर तिच्यावर रुसून बसले होते.

शनिवारी दिवाळी होती. मी तिथूनच फोन लावला.

'हाय आई, काय झाला?'

'शनिवारी घरी ये,' मी म्हणाले.

'पण तू तर नको म्हणाली ना? मी फ्रेंड्सला प्रॉमिस केलंय.'

'म्हणाले होते. आता ये म्हणतेय.'

 ट्राम आली, दारं उघडली, मी तशीच बसून राहिले.

'आई,' ती हळू आवाजात म्हणाली, 'तू असं कधीच नाही बोलत. तुझा तब्येत ठीक आहे ना? तू बरी आहेस ना?'

बरी आहे म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

'नाही,' मी म्हणाले. 'बरी नाहीये. ये.'