स्टिअरिंग आणि सुई

इंद्रजित औंधजवळच्या एका वाडीचा. घरची मेंढरं भावावर सोडून तो साताऱ्यात आला आणि शिरवळच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवू लागला. त्याला बरीच वर्षं झाली, पण गाडीला कधी ओरखडा नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्याची तहान भागेना. पाण्याची बाटली रिकामी करायची आणि पुढच्या धाब्यावर लघवीसाठी गाडी थांबवायची. कामगार आधी हसायचे, मग वैतागायला लागले. खंबाटकी घाटात वाहनं अडकली की त्याला घाम फुटायचा. सीट सोडता येत नव्हती आणि बसवतही नव्हतं.

बायको अपेक्षानं त्याला दवाखान्यात नेलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टर भार्गवीताई म्हणाल्या, "इन्सुलिन तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून स्वादुपिंड जादा राबतंय आणि आता थकलंय. थोडे आठवडे इन्सुलिन बाहेरून दिलं तर त्याला विसावा मिळेल. पुढं बहुतेक सुई बंदही करता येईल."

"सुई घेऊन गाडी चालवता येती का?"

"सध्या नको. साखर एकदम उतरली तर भोवळ येते."

त्यानं फक्त गोळ्या घेतल्या. कारखान्यात कुणाला काही सांगितलं नाही.

"आवं, सुई का घेत न्हाई तुमी?" अपेक्षानं विचारलं.

"सुई घेतली की स्टिअरिंग गेलं. मग परत मेंढरांमागं जाऊ व्हय?"

"आन न्हाई घेतली तर?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पथ्य सुरू केलं. भात सोडला, चहा बिनसाखरेचा केला, पहाटे चालू लागला. न्हाणीघराचं दार लावून साखर मोजायला बोटाला टोचायचा. आकडा थोडा उतरायचा, पण पुरेसा कधीच नाही.

एका संध्याकाळी घाट चढताना पुढच्या गाड्यांचे लाल दिवे पसरलेले दिसू लागले. वळणं पाठ होती, म्हणून तो अंदाजानं चालवत राहिला. आपण अंदाजानं चालवतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं बस कडेला घेतली.

"मला नीट दिसंना झालंय. मी पुढं न्हेत न्हाई."

मागून कुणीतरी कुरकुरलं. गुंडा नावाचा जुना कामगार उठून त्याच्याजवळ आला.

"आधी का न्हाई बोललास गड्या?"

"बोललो असतो तर गाडी दिली असती का कुणी?"

गुंडानं फोन करून दुसरा चालक बोलावला.

सुई सुरू झाली. कारखान्यानं इंद्रजितला गेटवर बसवलं. साखर आटोक्यात आली, नजर निवळली, आणि काही आठवड्यांनी भार्गवीताईंनी सुई थांबवली. "स्वादुपिंड सावरलंय," त्या म्हणाल्या, "पण ते परत थकू शकतं. गोळ्या आणि पथ्य सोडायचं नाही." गाडी चालवायला हरकत नाही असा त्यांचा दाखला घेऊन तो कारखान्यातल्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, बघू, पुढच्या तपासणीनंतर.

ती तपासणी कधी, हे कुणी सांगत नाही.

आता तो त्याच बसमध्ये दाराजवळच्या सीटवर बसून कामाला जातो. स्टिअरिंगवरचा नवा पोरगा वळणावर उशिरा ब्रेक मारतो. इंद्रजितचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो, आणि तो खिडकीबाहेर बघत राहतो.