खटका बोलला का?

“बोलला का?”

हा प्रश्न चाचा दिवसातून कितीतरी वेळा विचारीत. त्या प्रश्नाला मी एकदा खोटे उत्तर दिले. ते उत्तर त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना भोवले, आणि पुढे त्यांच्या नावालाही. कित्येक वर्षे मी हे कोणाला कळू दिले नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे तर प्रथम एवढे सांगितलेच पाहिजे. नाहीतर पुढे केलेले प्रत्येक कौतुक मलाच टोचत राहील.

जुन्नरला शिवनेरीच्या पायथ्याशी त्यांची पत्र्याची शेड होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणे हा त्यांचा धंदा. बाजारात सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. आमच्या घरात मात्र ते चाचा होते. वेल्डिंगचा काळा चष्मा सदैव कपाळावर चढवलेला. झोपतानाही तो काढीत नसावेत, असे माझी आई म्हणे. जन्मभर लोखंडावर हातोडा मारून त्यांचे कान मंद झाले होते, त्यामुळे आपल्याला न ऐकू येणारे ते दुसऱ्याच्या कानाने ऐकत. मी मुळात हळू बोलणारा. माझे अर्धे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे.

“भाऊ, तू बोलतोस का मिशीतल्या मिशीत हसतोस? जरा खटक्यावाणी बोल की राव!” असे ते मला नेहमी सुनावत.

हा खटका म्हणजे त्यांचे सारे वैभव. मुरूम, खत, दगड ओतणाऱ्या ट्रॉल्या आपण पाहिल्या असतील. जॅक हौद्याला पुढून उचलतो आणि माल मागून घसरतो. जॅकच्या तेलाचा पाइप फुटला तर तोच हौदा क्षणात खाली बसतो. त्या वेळी खाली वाकलेल्या माणसाला सावरायलाही सवड मिळत नाही. म्हणून हौदा उचलला की त्याच्याखाली लाकडाचा टेकू लावायची पद्धत होती. चाचांचा एक जोडीदार असाच गेला; त्या दिवशी टेकू लावायचाच राहून गेला होता.

“माणूस इसरतो,” चाचा म्हणत. “इसरायचं काम माणसाकडं ऱ्हाऊ द्या. धरायचं काम लोखंडाकडं द्या.”

त्यांनी हौद्याखाली एक जाड लोखंडी दांडी बिजागरीवर लटकवली. हौदा वर गेला की दांडी आपल्याच वजनाने चासीवरच्या, म्हणजे खालच्या सांगाड्यावरच्या, खाचेत पडे आणि ‘खट्ट’ असा आवाज येई. मग पाइप फुटो की तेल गळो, हौदा त्या दांडीवर टेकून राही. कोणी काही लक्षात ठेवायची गरजच नसे. आवाज आला म्हणजे खटका बोलला. तो बोलल्याखेरीज चाचा हौद्याखाली बोटसुद्धा घालीत नसत.

ही सवय त्यांच्या अंगी इतकी भिनली होती की ती सर्वत्र बरोबर येई. एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी चहा पीत बसले असताना कुकरकडे बघून त्यांनी आईला विचारले, “वयनी, बोलला का?” शिटी झाली होती, असे आईने सांगितल्यावरच त्यांनी कप पुन्हा तोंडाला लावला. “न बोलणाऱ्या कुकरपाशी बसू नाय,” हा उपदेश आम्हाला फुकट मिळाला.

मढच्या एसटीचे दार एकदा नीट लागत नव्हते. बसायला जागा असूनही हे गृहस्थ मढ येईपर्यंत ते दार हाताने धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, “मिस्तरी, बसा की, दार काय पळून चाललंय?” चाचा म्हणाले, “दार न्हाई पळत. पोरं पडत्यात.” उतरताना ड्रायव्हरला दाराच्या कडीवर पंधरा मिनिटांचे व्याख्यान दिले आणि ते ऐकून घेण्यासाठी सगळी गाडी थांबली होती.

असे हे चाचा. आता माझे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ओतूरजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या ट्रॅक्टरवर भाड्याची वाहतूक करीत होतो. ट्रॉली चाचांचीच, खटक्यासकट. त्या खटक्याचे एक होते: हौदा खाली घेताना आधी तो थोडा आणखी वर उचलायचा, ट्रॅक्टरवरून उतरायचे, बाजूची दोरी ओढून अडकवायची आणि मग खाली घ्यायचा. प्रत्येक खेपेला हे उतरणे-चढणे मला जिवावर येई. म्हणून मुरमाच्या खेपा लागल्या की मी ती दांडी तारेने वर बांधून टाकीत असे. आमच्याकडचे बरेच जण तसे करीत. चाचांना मात्र ते कोणी कळू देत नसे.

त्या दिवशी ते न सांगता आले. आपले खटके कसे चालले आहेत हे पाहण्यासाठी ते अधूनमधून असेच येत. मी हौदा उचलला होता. ओला मुरूम आत चिकटून बसला होता आणि मागच्या बिजागरीची पिन सरकत चालली होती. ती चाचांना दुरून दिसली. ट्रॅक्टरचे इंजिन धडधडत होते. ते हौद्यापाशी आले, हात आत घालण्यापूर्वी थांबले आणि मान वर करून त्यांनी मला विचारले, “बोलला का?”

‘थांबा, बांधलाय’ एवढे दोन शब्द पुरे होते. ते मी का उच्चारले नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अपघात व्हावा असे माझ्या मनात नव्हते. त्यांच्या खटक्याला मी तार गुंडाळली हे त्यांना दिसेल आणि ते मला चारचौघांत रागावतील, एवढीच भीती होती. त्या क्षुल्लक लाजेपायी मी मान डोलावली आणि हात उंचावून म्हणालो, “बोलला, बोलला!”

त्यांनी हात घातला. पाइप त्याच वेळी फुटला.

मुरूम पसरणाऱ्या माणसांनी पहारी लावून हौदा उचलला. चाचांना जीपकडे नेत होते तेव्हा मी मागे राहिलो, वाकून दांडीची तार सोडवली आणि खिशात कोंबली. ती मी टाकून द्यायलाही विसरलो. शर्ट धुवायला घेताना आईला ती सापडली आणि न्हाणीतल्या बादलीची सुटलेली कडी तिने त्याच तारेने बांधून टाकली. पुढे कितीतरी महिने मी त्याच बादलीने अंघोळ करीत होतो.

चाचांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दोष द्यायला त्यांना काही दिसतच नव्हते. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, “भाऊ, तू ऐकलास ना? नक्की बोलला व्हता?”

“हो, चाचा.”

“म्हंजे बोलला, आन् तरी सोडलं.” त्यांनी बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवला. “हे लई वंगाळ. न बोलणारा परवडला. बोलून फसवणारा न्हाई.”

माझ्या खोटेपणाचा हा परिणाम माझ्या स्वप्नातही आला नव्हता. खटका मुळी पडलाच नाही असे त्यांना कळले असते तर ते एकदा हळहळले असते. पण आपण घडवलेली वस्तू माणसाला विश्वास देऊन मारते, हे त्यांच्या मनात कायमचे बसले. शेडमध्ये ते डाव्या हाताने खाच घासत, दांडी बदलत, हौदा वर-खाली करत. मी शेजारी उभा राहून दर वेळी सांगत असे, “बोलला.” आता ते खरे असे.

“बोलतो बी, धरतो बी,” ते पुटपुटत. “मंग त्या दिशी काय झालं?”

चाची चहा ठेवून जाताना मला म्हणे, “भाऊ, तुमी येता म्हणून जेवत्यात तरी. न्हाईतर सारा दिवस त्या दांडीसंगं बोलत बसत्यात.” तो चहा मी प्यायलो आहे.

बेल्ह्याच्या बाजारात तर लोकांना विषयच मिळाला. एका सोमवारी चहाच्या टपरीवर एक टेम्पोवाला मोठ्याने म्हणाला, “मिस्तरीचा खटका बोलला रं, पण काय बोलला? ‘हात दे’ म्हणला!” सगळे हसले. चाचांना ते ऐकू आले नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “काय म्हनतोय?” मी म्हणालो, “काही नाही.” सगळे हसत आहेत म्हणून तेही हसले. आणि वाचकहो, मीही हसलो होतो.

नवे काम येईनासे झाले. एके दिवशी चाचांनी शेडला कुलूप घातले आणि लोखंड कापायची करवत पिशवीत टाकली.

“आपला माल आपुन परत आनायचा,” ते म्हणाले. “उद्या कुणाचा जीव गेला तर मी वर काय तोंड दावू?”

गावोगाव जाऊन ते आपले खटके कापून काढणार होते. ट्रॉल्यांखालचे चांगले, धडधाकट खटके! तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. मी काय केले असेल? त्यांना माझ्या मोटारसायकलवर मागे बसवून घेतले. त्यांचे हाल नकोत, असे मी स्वतःला समजावले. ही सेवाच जणू माझी फेड होती. ओतूरला खटका निघाला. मढचा मालक म्हणाला, “काढा मिस्तरी, तसाबी लई येळ खातो.” चाचा जमिनीवर उताणे पडून कापत आणि मी करवतीची पाती बदलून देत असे. परतताना पिशवीतल्या दांड्या माझ्या पाठीला लागत.

आज चाचा नाहीत. त्यांच्या शेडच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. पण मढच्या, ओतूरच्या काही जुन्या ट्रॉल्यांखाली तुम्ही वाकून पाहिलेत, तर दांडीच्या कानाशी, म्हणजे बिजागरीकडच्या टोकाशी, वेल्डिंगच्या दोन खुणा दिसतील. एक सरळ आणि सुबक. दुसरी थोडी वेडीवाकडी, कापलेली दांडी परत जोडताना उरलेल्या बोटांनी केलेली. ती दुसरी खूण ज्या दिवसामुळे पडली तो दिवस तळेघरचा.

घोडेगाव मागे टाकून, डिंभ्याच्या पाण्याच्या कडेने आम्ही वर गेलो. तिथे भाताच्या खाचरांना ताली, म्हणजे दगडी बांध, घालण्यासाठी दगड वाहणाऱ्या एका नवरा-बायकोची ट्रॉली होती. चाचांनी पिशवीतून करवत काढताच बाई पुढे आली.

“कशाला आलाय?”

“खटका काढायला, वयनी. खोटा निघाला त्यो.”

“हात तर लावून बघा!” तिने कमरेला पदर खोचला. “गेल्या साली पाइप फुटला तवा ह्ये खाली व्हते. हौदा त्या दांडीवर बसला म्हणून आज ह्ये माझ्याशी भांडायला हायेत!”

नवरा म्हणाला, “आगं, मिस्तरी आपल्या भल्याचंच...”

“तुमी गप ऱ्हावा. खाली तुमी व्हता, पर बघत मी व्हते.”

चाचांच्या चेहऱ्यावर क्षणभर काही उजळले आणि मावळले. त्यांनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. “एक डाव धरलं म्हणून दर डावाला धरील, असं न्हाई वयनी. ह्यो बघा. मी बनवला, आन् मलाच फसवलं त्यानं. बोलून फसवलं. ह्या भाऊनं आपल्या कानानं ऐकलंय. इचारा त्याला.”

बाईने तो हात नीट पाहिला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, आणि त्याचा अर्थ तिने होकार असाच घेतला. ती बाजूला झाली.

तिच्या नवऱ्याने हौदा उचलला. दांडी खाचेत पडली आणि ‘खट्ट’ असा इतका स्वच्छ आवाज झाला की खाचरातले बगळे उडाले. त्याने इंजिन बंद केले. चाचांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, करवत घेतली आणि हौद्यापाशी गुडघे टेकले. आत वाकण्यापूर्वी ते थांबले. खटक्यावरचा विश्वास उडाला होता; माझ्यावरचा मात्र तसाच होता. मान वर करून त्यांनी मला विचारले,

“बोलला का?”

मी म्हणालो, “बोलला, चाचा. पण त्या दिवशी बोलला नव्हता.”

माझा आवाज नेहमीसारखाच घशात राहिला होता. त्यांनी तीन बोटे नसलेला हात कानामागे धरला. “आं?”

“त्या दिवशी...”

“ऐकू येत न्हाई रं. मोठ्यानं बोल की राव!”

बाई पाहत होती, तिचा नवरा ट्रॅक्टरवरून पाहत होता. मी जन्मात कधी एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो.

“चाचा, त्या दिवशी खटका बोललाच नव्हता! मी तो तारेनं बांधून ठेवला होता! तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोललो. तुमच्या खटक्यानं तुम्हाला फसवलं नाही, चाचा, मी फसवलं. करवत खाली ठेवा. मला माफ करा!”