माझे खोटे सोमवार

मी खोटं बोलले, तेही देवाच्या नावानं. म्हणून हे लिहिताना आजही मन थोडं कचरतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी साताऱ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव माण तालुक्यातलं. घरची मेंढरं चाऱ्यावाचून गेली आणि आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दहिवडीच्या एसटीनं रोज येणारा माझा भाकरीचा डबा आधी दिवसाआड आला, मग बंदच झाला. खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या सुमनला हे सांगायची लाज वाटली. म्हणाले, "मी सोमवार धरलाय." मग शनिवार धरला, मग एकादशी. उरलेल्या दिवशी चहा आणि मूठभर फुटाणे. तासाला फळ्यावरची अक्षरं हलायची, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही, उगाचच रडू यायचं. शेजारच्या बायका "केवढी भक्ती पोरीची" म्हणायच्या, ते तर भुकेपेक्षा जास्त लागायचं. पण परत जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. गेले असते तर पुस्तक कायमचं मिटलं असतं.

एका दुपारी तास सोडून मी पेठेतल्या देवीच्या देवळात गेले. कुणी नाही असं वाटलं, म्हणून मोठ्यानंच बोलले, "आई, माझा उपवास नाही गं. मला भूक लागलीय. कॉलेज मी सोडणार नाही. आता तूच बघ."

खांबाआड एक म्हातारी वाती वळत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कुठली गं तू?"

"माणची."

"ऊठ. घरला चल. भाकरी केलीया."

"आजी, फुकट न्हाई खायची मी."

"नगं खाऊ फुकट. माजा ल्योक पलटणीत हाय. त्याची पत्रं वाचून दाव, उलट लिव्हून दे. मला कुठं येतंय लिव्हाय? रोज येत जा."

एरवी ती देवळात सकाळीच जायची. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं म्हणून दुपार झाली, हे तिनं मला वाढताना सांगितलं. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. ताटात गरम भाकरी होती, आमटी होती, आणि मी मोठमोठे घास घेत होते. "सावकाश खा," ती म्हणाली, "कुटं पळून जात न्हाई भाकरी."

संध्याकाळी मी सुमनला सगळं खरं सांगून टाकलं. ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा गुरुवारही तसलाच आहे गं."

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून घेऊन गेले. म्हातारीनं दारातल्या आम्हा दोघींकडं पाहिलं आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

पुढं आम्ही दोघी पदवीधर झालो. त्यात देवीनं काय केलं आणि माणसानं काय, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. देवीला शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, असं मी त्या दुपारपर्यंत समजत होते. आता देवीपुढं हात जोडले की मी नवस बोलत नाही. जे असेल ते तिला खरं सांगते, आणि कामाला लागते.