वाजवून न घेतलेली घागर

"हिला कुणाशी धड बोलता येत नाय, ही कसली सवाष्ण सांगून येतीय?" स्वयंपाकघरात आत्या पप्पांना हळूच म्हणाली. मी दाराबाहेर ताटं पुसत होते. पप्पा म्हणाले, "सांगितलंय म्हणाली ना ती." मी तेच ताट पुन्हा पुसायला घेतलं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आई गेल्यानंतरची ती पहिली अक्षय्य तृतीया. करमाडहून आलेली आत्या तिला आखिती म्हणते. एका कंपनीच्या मासिकात मी दिनविशेष लिहिते. जलदिन, वसुंधरा दिन, कुठला दिवस कुठून आला, कुणी सुरू केला. अक्षय्य तृतीयेवर मी चार ओळी लिहिल्या होत्या त्या सोनेखरेदीच्या. आमच्या घरी हा सण घागरीचा आहे, हे आत्यानं सांगितलं तेव्हा कळलं. एवढ्या उन्हात पितर तहानलेले येतात, म्हणून त्यांच्या नावानं नवी घागर भरून ठेवायची. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर तिच्या जागी एखाद्या सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं. 'तहानलेले' हा शब्द ऐकला आणि मी उठून आत गेले. आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. शेवटचे काही महिने तिला पाणी मोजून मिळायचं. ती मागायची, आणि वाटी माझ्या हातात असायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच मी दिलं. सगळे म्हणतात, मी बरोबर वागले.

दोन दिवस मी गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत फिरले. तीन दारांपर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि परत आले. 'आईच्या जागी जेवायला या' हे शब्द तोंडातून निघाले तर मी परक्या उंबऱ्यावर रडेन, अशी भीती वाटत होती. मग घरी खोटं बोलले. घागरही तशीच आणली. रस्त्याच्या कडेला एक कुंभारीण बसली होती. समोरची पहिली घागर उचलली. "कुठं राहतीस?" असं तिनं विचारलं तेव्हा "टाकीच्या मागं" एवढं बोलले आणि निघाले.

सणाच्या सकाळी आत्यानं घागर भरली. नवी घागर थोडी पाझरतेच, पण हिच्याखाली बघता बघता थारोळं झालं. "वाजवून घेतली नव्हतीस व्हय?" आत्यानं विचारलं. घागर वाजवून घेतात हे मला माहीतच नव्हतं. "एवढं इंग्रजी शिकली, अन् मडकं पारखता येईना," असं म्हणत ती फरशी पुसायला बसली. पप्पा आईच्या फोटोकडे बघत राहिले.

मी देवघरात गेले. मी फारशी भाविक नाही. आई दवाखान्यात असताना देवीकडे पुष्कळ मागितलं होतं, आणि ती गेल्यापासून मागणं सोडलं होतं. त्या दिवशीही मागायला काही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ. किती वेळ बसले, आठवत नाही.

फाटक वाजलं. बाहेर कालचीच कुंभारीण उभी होती, कमरेवर दुसरी घागर, चेहरा उन्हानं लाल, कपाळावर ठसठशीत कुंकू. "हीच का वं ती पोरगी?" ती स्वतःशीच म्हणाली. "माय, त्या भट्टीतल्या काही घागरी कच्च्या निघाल्या. बाकीच्यांनी वाजवून चांगल्या नेल्या. तू तेवढी न बोलता घेऊन गेलीस. म्हटलं, सणाच्या दिशी पोरीची घागर गळंल. टाकीमागची समदी घरं हिंडले." घागर माझ्या हातात देऊन ती वळलीसुद्धा.

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "मावशी, माझ्या आईच्या जागी जेवायला बसाल?" मग आत्याकडे वळून सांगितलं की मी कुणालाच बोलावलेलं नाही. आत्या म्हणाली, "देवीला तुझी खोडी ठाऊक होती म्हणायची," आणि पाट मांडायला गेली. मावशी संकोचली, "हात मातीचे हायेत गं." आत्या आतून ओरडली, "मग धुवा की! आखिती हाय, नाय म्हणू नका."

हा योगायोग होता की आणखी काही, याचा मी शोध घेतलेला नाही. ज्या दिवसांचं मूळ मला लिहिता येतं, त्यांत हा बसत नाही. मला स्वतःहून काहीच नीट करता आलं नव्हतं, आणि हरले असं मी कबूल केलं तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी उन्हातून दारं शोधत येतच होतं. एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते. आईची आठवण त्यानं कमी झालेली नाही.

मावशी पाटावर बसली. नव्या घागरीतलं पाणी मी तांब्यात घेतलं. "आई समजूनच वाढ," आत्या हळूच म्हणाली. पण माझ्या आईला मी 'आई' अशी हाक कधी मारलीच नव्हती. इथं लिहिते आहे तेवढंच. मावशीनं एका दमात भांडं रिकामं केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते काठोकाठ भरलं आणि म्हणाले, "मम्मी, पी. हवं तेवढं पी."