शेपटातली वाळू

संग्रहालयाच्या तळघरात कीटकांची खोली आहे, आणि त्या खोलीत गेली एकतीस वर्षं चिठ्ठीबाई बसतात. टाचणीवर टोचलेल्या प्रत्येक किड्याखाली नखाएवढी चिठ्ठी लागते. कुठे सापडला, कधी, कुणाला. ती लिहायचं काम बाईंचं. चिठ्ठीवर ठिकाण नसलं की किडा कितीही देखणा असो, त्याची किंमत शून्य. तो कचऱ्यातच जायचा.

खोलीला खिडकी नाही. डांबरगोळ्यांचा वास बाईंच्या केसांत इतका मुरलाय, की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सून आल्याचं दार वाजायच्या आधी कळतं. घरी दोन खोल्या, नवरा, सासूबाई. "आमची मंडळी सरकारी पगार घेऊन माशा मारते," असं नवरा आल्यागेल्याला सांगतो आणि स्वतःच हसतो. बाईंनी यावर हसणं कधीच सोडून दिलंय. सकाळी घरातून तळघरात, संध्याकाळी तळघरातून घरात. घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी बाजाराला जात असेल.

बाईंच्या हाताखाली सगळेच किडे येत, पण जीव जडला तो सोंगाड्या माशांवर. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ही माशी मधमाशीचं केसाळ सोंग घेते. पंख मात्र दोनच, मधमाशीला चार. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबते आणि लांब सोंडेने रस पिते. दिसायला गोजिरवाणी, करणी कसायाची. मादी शेपूट मातीत टेकवून तिथल्या पिशवीत वाळू भरून घेते, त्या वाळूत अंडी घोळवते आणि जमिनीत राहणाऱ्या मधमाशांच्या बिळांवरून उडता उडता अंडी आत फेकते. पुढे अळी यजमानाचीच पोरं खाते. हे सगळं बाईंनी वाचलेलं. जिवंत सोंगाडी त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

पण वाळू पाहिली होती. वाळलेल्या मादीच्या शेपटात कण अडकून राहतात, आणि भिंगाखाली पाहून पाहून बाईंची नजर अशी बसली, की कणावरून त्या गाव सांगत. तांबडा, टोकदार कण माळावरचा. शिंपल्याचा चुरा असला तर समुद्रामागच्या टेकाडांवरची माशी. चकाकी असली तर नदीचा कोरडा काठ. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. त्यामुळे विभागाच्या साहेबांना बाईंचा फार अभिमान, आणि बाईंचं घोडं अडलं ते इथेच.

दर वर्षी चौघांची तुकडी जीपने किडे गोळा करायला जाई. दर वर्षी बाई अर्ज करत. दर वर्षी साहेब म्हणत, तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार. या वर्षी मात्र यादीत चौथं नाव बाईंचं लागलं. गुरुवारी सकाळी निघायचं, तीन दिवस नदीकाठी. बाईंनी सासूबाईंसाठी नणंदेला बोलावून घेतलं आणि टोपी विकत आणली. टोपी घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या.

मंगळवारी एक खोका आला. कुणा हुशाराने तीन ठिकाणच्या तेवीस माद्या "लक्षात राहील" म्हणून एकत्र ठेवल्या होत्या, आणि लक्षात काही राहिलं नव्हतं. अहवाल शनिवारी जायचा होता. साहेबांनी खोका बाईंच्या टेबलावर ठेवला आणि हे तेवढं उरका म्हणाले. एकेक शेपूट भिंगाखाली घेऊन जुन्या नमुन्यांशी ताडायचं म्हणजे चार दिवस, म्हणजे गुरुवारची जीप हुकणार. बाईंना ते कळलं. साहेबांनाही कळत होतंच.

बाईंनी पहिली माशी भिंगाखाली धरली. कण स्वच्छ दिसत होते. मग त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या. म्हणाल्या, डोळ्यांपुढे हल्ली धुकं येतं, कण काही ओळखू येत नाहीत.

साहेबांचा चेहरा पडला. ते खरंच हळहळले. खुर्ची ओढून बसले, औषध घेता का विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. मग खिशातून यादी काढली.

"अशा डोळ्यांनी उन्हाधुळीत कुठे जाता, बाई? मला आधी सांगायचं नाही का?" असं म्हणून त्यांनी चौथं नाव खोडलं. जीपमधली ती जागा तंबूला झाली. जाताना त्यांनी खोका काखोटीला मारला. ठिकाण नसलेल्या माशा ठेवून काय करायच्या?

बाई तशाच बसल्या. तेलही गेलं, तूपही गेलं. जाणं गेलं त्याचं दुःख होतंच, पण वरच्या मजल्यावर तेवीस माशा कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या होत्या, आणि त्यांतली एकेक कुठली ते सांगू शकणारं माणूस अख्ख्या इमारतीत एकच होतं. पाच मिनिटं त्यांनी कळ काढली. मग जिना चढून गेल्या.

"साहेब, मला सगळं दिसतं. मी खोटं बोलले. मला एकदाच त्या उडताना बघायच्या होत्या."

रागवतील, असं बाईंना वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खोका दोन्ही हातांनी बाईंच्या ओंजळीत दिला.

"देव पावला. मी घाबरलोच होतो हो. आता शनिवारपर्यंत होईल ना?"

होईल, बाई म्हणाल्या, आणि दारात घुटमळल्या. ते साहेबांच्या ध्यानात आलं.

"पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं," ते मनापासून म्हणाले. "शब्द देतो."

बाई पाच महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. निवृत्तीच्या कागदावर सही साहेबांचीच होती. बाईंनी बरं म्हटलं, खोका छातीशी धरला आणि जिना उतरायला लागल्या.